ध्रुवीय बर्फावरील काळा अशनी : त्याचे कूळ कसे ठरवितात?

वरच्या वर्गांत सूर्यमालेचा पाठ चालू असताना ‘तारा तुटतो’ म्हणजे काय होते, हा प्रश्न निघाला नाही, असे क्वचितच घडते. रात्री अंगणात निजणाऱ्या मुलांनी आकाशातून सरकत गेलेली तेजाची रेघ पाहिलेली असते, आणि ती पाहून घरातील वडील माणसे काय म्हणाली हेही त्यांच्या स्मरणात असते. शिक्षक मग उल्का आणि अशनी यांतील भेद सांगतात. वातावरणात प्रचंड वेगाने शिरून तापते व चमकते ती उल्का. आणि सर्वस्वी जळून न जाता जमिनीपर्यंत येऊन पोहोचतो तो अशनी. बहुतेक पाठ येथे संपतो. परंतु चौकस मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तो दगड आकाशातूनच आला हे कशावरून, आणि आला असल्यास नेमका कोठून?

या प्रश्नाचे सरसकट उत्तर देण्यापेक्षा एकाच जातीच्या अशनीचा शोध कसा लागतो व त्याचे कूळ कसे ठरवितात, हे क्रमाने पाहणे अधिक उपयुक्त होईल. त्यासाठी अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडणारे ‘कार्बनयुक्त काँड्राइट’ या नावाचे अशनी येथे निवडले आहेत. निवडीचे कारण असे की, सूर्यमालेच्या जन्मकाळाची साक्ष यांच्याइतकी अव्यंग स्वरूपात दुसऱ्या कोणत्याही दगडात आढळत नाही.

प्रथम नावाविषयी. अशनींचे स्थूल मानाने तीन वर्ग आहेत : दगडी, लोखंडी आणि दोहोंच्या मिश्रणाचे. दगडी अशनींपैकी बहुतेकांच्या अंगात बाजरीच्या किंवा खसखशीच्या दाण्याएवढे गोल कण असतात. ग्रीक भाषेतील दाणा या अर्थाच्या शब्दावरून या कणांस काँड्रूल म्हणतात, व ते ज्यात असतात त्या दगडास काँड्राइट म्हणतात. हे गोलकण म्हणजे सूर्याभोवतीच्या वायू व धूळ यांच्या मेघात एके काळी वितळून पुन्हा थिजलेले थेंब होत. पृथ्वीवरील कोणत्याही खडकात ते सापडत नाहीत. काँड्राइटांचे पुन्हा पोटभेद आहेत, आणि त्यांपैकी एक कार्बनयुक्त. जमिनीवर पडताना पाहिलेल्या दर शंभर अशनींत या जातीचे चार-पाचच निघतात.

‘कार्बनयुक्त’ हे नाव मात्र काहीसे फसवे आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. यातील काही गटांत कार्बन शेकडा दोन-तीन असतो खरा; परंतु काही गटांत तो इतका अल्प असतो की साध्या काँड्राइटांशी तुलना केली तरी तो उठून दिसत नाही. जुन्या काळी काळ्या रंगावरून हे नाव पडले आणि पुढे तेच रूढ झाले. आजची खरी कसोटी वेगळी आहे. सिलिकॉनच्या मानाने कॅल्शियम, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांसारख्या उच्च तापमानास घट्ट होणाऱ्या मूलद्रव्यांचे प्रमाण किती, आणि ऑक्सिजनचे समस्थानिक कोणत्या प्रमाणात आहेत, यांवरून तो या कुळात बसतो की नाही हे ठरते. ऑक्सिजनची गोष्ट पुढे विस्ताराने येणारच आहे.

आता बर्फाकडे वळू. अंटार्क्टिकात पहिला अशनी १९१२ साली एका ऑस्ट्रेलियन मोहिमेतील तुकडीस सापडला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या बाबतीत विशेष काही घडले नाही. १९६९ च्या डिसेंबरात एका जपानी मोहिमेतील हिमतज्ज्ञ यामातो पर्वताजवळ बर्फाच्या हालचालीची मोजमापे घेत होते. अशनी शोधणे हे त्यांचे कामही नव्हते. तेथील उघड्या बर्फावर त्यांना नऊ दगड मिळाले. थोड्याशा क्षेत्रात नऊ दगड म्हणजे एकच मोठा अशनी फुटून पडलेले त्याचे तुकडे, असे कोणासही वाटले असते. परंतु प्रयोगशाळेत पाहता त्यांत निरनिराळ्या जातींचे अशनी निघाले. त्यांपैकी एक कार्बनयुक्त होता, तर एकात गोलकणच नव्हते. ज्यांचे कूळ एक नाही ते एका फुटीचे तुकडे असू शकत नाहीत. मग निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणी पडलेले हे दगड एका जागी आले कसे?

उत्तर बर्फाच्या वाहण्यात आहे. अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फाचा थर आहे. हा थर स्थिर नाही. तो अत्यंत मंद गतीने मध्यभागाकडून समुद्राकडे सरकत असतो. त्यावर कोठेही पडलेला दगड नव्या हिमाखाली गाडला जातो आणि बर्फाबरोबर प्रवास करू लागतो. बहुतेक दगड शेवटी समुद्रास मिळतात. परंतु वाटेत एखादी डोंगराची रांग आडवी आली म्हणजे बर्फ अडतो व वर चढतो, आणि तेथे उंच पठारावरून वाहणारे कोरडे, जोरकस वारे त्याचा पृष्ठभाग सतत खरवडून व वाफ करून नेत राहतात. बर्फ जातो, दगड उरतात. अशा ठिकाणचा जुना, दाबला गेलेला बर्फ निळसर दिसतो, म्हणून त्यास निळा बर्फ म्हणतात. खळ्यात उफणणी करताना भूस वाऱ्याने उडून जाते आणि दाणा पायाशी साचतो, त्यातलाच हा प्रकार होय. फरक इतकाच की येथील उफणणी हजारो-लाखो वर्षे चाललेली असते.

हे कोडे उलगडल्यावर शोधाला निराळीच गती आली. १९७४ च्या एकाच जपानी मोहिमेत ६६३ अशनी गोळा झाले. १९७६ पासून विल्यम कॅसिडी यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या मोहिमा सुरू झाल्या व त्यांनी आजवर वीस हजारांहून अधिक नमुने आणले. जगातील सर्व ज्ञात अशनींपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक आज या एका खंडाने दिलेले आहेत. येथे पडतात ते इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतात, असे मात्र नव्हे. येथे ते टिकतात आणि दिसतात. कार्बनयुक्त जातीच्या बाबतीत टिकण्याचे महत्त्व फारच मोठे आहे. कारण यांपैकी कित्येक दगड वाळलेल्या चिकणमातीच्या ढेकळासारखे ठिसूळ असतात. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात असा दगड शेतात पडून राहिला, तर पुढच्या पेरणीपर्यंत त्याचे काय उरेल, हे सांगावयास नको.

दगड उचलण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. संशोधक बर्फावर चालणाऱ्या गाड्यांवरून ओळीने, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून जातात, म्हणजे पट्टा सुटत नाही. काळा ठिपका दिसला की प्रथम जागेची नोंद होते व छायाचित्र घेतले जाते. हाताने कोणी स्पर्श करीत नाही. स्वच्छ चिमट्याने दगड उचलून तो निर्जंतुक पिशवीत घालतात व पिशवी बंद करतात. या जातीच्या अशनींत ॲमिनो आम्ले असतात, आणि माणसाच्या बोटांच्या घामातही ती असतात. एका स्पर्शाने परीक्षा नासते. अमेरिकेच्या मोहिमांतील दगड गोठलेल्या स्थितीतच ह्यूस्टन येथील अवकाश केंद्रात नेण्याची पद्धत आहे. तेथे कोरड्या नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद कपाटात ते ठेवतात, म्हणजे त्यांच्यावरचे हिम पाणी न होता वाफ होऊन निघून जाते. आपल्याकडील मंडळी संशयित दगडाजवळ आधी लोहचुंबक नेतात. या नमुन्यांच्या बाबतीत तेही टाळणे इष्ट मानतात. कारण जन्मकाळच्या चुंबकीय क्षेत्राची जी अस्पष्ट खूण दगडात उरलेली असते, ती हातातल्या चुंबकाने पुसली जाते.

प्रत्येक दगडास जे नाव मिळते, त्यातच त्याचा पत्ता असतो. उदाहरणार्थ, ‘क्यूयूई ९९१७७’ हा अशनी घ्या. पहिली तीन अक्षरे क्वीन अलेक्झांड्रा या पर्वतरांगेची. ९९ हा अंक १९९९ सालच्या मोहिमेचा. आणि १७७ हा त्या मोहिमेतील अनुक्रमांक. पुढील विवेचनात याच दगडाचे उदाहरण आपण बरोबर ठेवू, कारण याचे वर्गीकरण एकदा होऊन पुन्हा बदलावे लागले आहे.

परीक्षेची पहिली पायरी डोळ्यांची. वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो व थिजतो, त्यामुळे त्यावर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असे काळे कवच असते. ते किती शिल्लक आहे, भेगा किती आहेत, गंज किती चढला आहे, हे नोंदवितात. गंजाच्या मानाने अ, ब, क अशा तीन प्रती लावतात. पृष्ठभागावर पांढरे क्षार फुललेले असल्यास तेही टिपून ठेवतात. बर्फावर पाणी कोठून आले, असे कोणी विचारील. काळा दगड उन्हाने किंचित तापतो, त्याच्याभोवती पाण्याचा पातळ थर सुटतो, दगडातील द्रव्ये त्यात विरघळतात व पाणी उडून गेले की क्षार उरतात. हे क्षार पार्थिव आहेत. ते अवकाशातून आलेले समजून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर सारेच चुकेल.

खरा निर्णय दुसऱ्या पायरीवर सुरू होतो. दगडाचा एक लहानसा तुकडा काढून त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप तयार करतात. वहीच्या साध्या कागदाची जाडी याच्या सुमारे तिप्पट असते, यावरून कल्पना यावी. इतक्या पातळ कापातून बहुतेक खनिजे पारदर्शक होतात व सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. कार्बनयुक्त काँड्राइटाचा काप पाहिला तर काळोख्या आकाशात चांदण्या विखुराव्या तसे गोलकण दिसतात. मधला काळोख म्हणजे त्या कणांना जोडणारे सूक्ष्म द्रव्य. त्यास आपण येथे ‘मळण’ म्हणू. ही मळण इतक्या बारीक रेणूंची असते की ०.०३ मिलिमीटर जाडीतूनही प्रकाश पार जात नाही. तिची तपासणी इलेक्ट्रॉनांच्या शलाकेनेच करावी लागते.

या कापात तीन गोष्टी मोजावयाच्या असतात : गोलकणांचा आकार, मळणीचे शेकडा प्रमाण, आणि धातुरूप लोखंड-निकेल किती. यांवरून गट ठरतो. बहुतेक गटांस त्यातील एका प्रसिद्ध अशनीच्या गावाचे आद्याक्षर दिलेले आहे. युक्रेनमध्ये १८८९ साली मिगेई येथे पडलेल्या अशनीवरून ‘सीएम’, फ्रान्समध्ये १८६८ साली ऑर्नान येथे पडलेल्यावरून ‘सीओ’, इटलीतील विगारानो (१९१०) व रेनाझ्झो (१८२४) यांवरून अनुक्रमे ‘सीव्ही’ व ‘सीआर’, टांझानियातील इवूना (१९३८) यावरून ‘सीआय’ आणि ऑस्ट्रेलियातील कारूंडा (१९३०) यावरून ‘सीके’. सीओ गटाचे गोलकण अगदी बारीक, सरासरी ०.१५ मिलिमीटर, सीएमचे त्याच्या दुप्पट, सीआरचे सुमारे ०.७, आणि सीव्हीचे जवळजवळ १ मिलिमीटर. सीएममध्ये मळण शेकडा सत्तरच्या आसपास असते, व तिच्यातील खनिजांत शेकडा नऊ-दहा भार पाण्याचा असतो. सीआरमध्ये मळण कमी, परंतु गोलकणांच्या आत व भोवती चकाकणाऱ्या धातूचे मणी विपुल. सीआय हा गट तर अजबच आहे : त्यास काँड्राइट म्हणतात, आणि त्यात गोलकण जवळजवळ नाहीतच! सर्व दगडच मळण. तरीही तो या कुळात धरतात. कारण हायड्रोजन, हेलियम यांसारखे वायू वगळले, तर त्याचे रासायनिक घटक सूर्याच्या घटकांशी इतर कोणत्याही दगडापेक्षा अधिक जुळतात.

आपल्या उदाहरणातील क्यूयूई ९९१७७ च्या कापात मोठे गोलकण होते व धातूचे मणी भरपूर होते. त्यामुळे तो सीआर गटाचा, याविषयी वाद झाला नाही. वाद झाला तो पुढच्या अंकाविषयी.

गटाच्या अक्षरांपुढे १ पासून ६ पर्यंत एक अंक लिहितात. ही पद्धत १९६७ साली व्हॅन श्मुस व वुड या दोघा संशोधकांनी बसविली. शिकविताना येथे घोटाळा होण्याचा संभव आहे, कारण हा अंक परीक्षेतील गुणांप्रमाणे चढत्या श्रेणीचा नाही. मध्ये ३ आहे, आणि ३ म्हणजे जन्मल्यापासून फारसा न बदललेला दगड. तेथून ४, ५, ६ कडे जावे तसा उष्णतेने झालेला बदल वाढतो. गोलकणांच्या कडा पुसट होतात व शेवटी ते शेजारच्या द्रव्यात विरून जातात. उलट ३ कडून २ व १ कडे यावे तसा पाण्याने झालेला बदल वाढतो. ऑलिव्हीनसारखी कोरडी खनिजे जाऊन त्यांच्या जागी सर्पेंटाइनसारखी पाणीदार, मातकट खनिजे येतात. हे पाणी आपल्या पृथ्वीवरचे नव्हे. ज्या लघुग्रहाचा तो दगड एके काळी भाग होता, त्याच्या पोटातील बर्फ वितळून ते सुटले होते. भट्टीत भाजलेली वीट आणि पाण्यात भिजून लगदा झालेली वीट या दोहोंवरून मूळची कच्ची वीट कशी होती हे सांगणे कठीण. कच्चीच वीट हाती लागली तर सोने. अभ्यासकांना ३ या अंकाचे मोल वाटते ते यासाठीच.

क्यूयूई ९९१७७ यास प्रथम २ हा अंक मिळाला होता, कारण सीआर गटातील तोवरचे बहुतेक दगड २ याच अंकाचे होते. पुढे दोन अभ्यासकांनी त्याच्या मळणीची अतिशय सूक्ष्म तपासणी केली व २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मळणीत मातकट खनिजे भरलेली असावयास हवी होती. त्याऐवजी तेथे लोहयुक्त, स्फटिकरूप न पावलेले सिलिकेट मुख्यत्वे आढळले. हे द्रव्य पाण्याच्या संगतीत फार काळ टिकत नाही; ते तसेच उरले आहे, याचा अर्थ दगडाने पाणी फारसे पाहिलेलेच नाही. उष्णतेची खूण निराळ्या रीतीने पाहतात : लोहयुक्त ऑलिव्हीनमधील क्रोमियम थोड्या उष्णतेनेही बाहेर पडू लागते, म्हणून ते एकसारखे टिकलेले असल्यास दगड तापलेला नाही असे समजतात. या अशनीच्या मळणीत सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांभोवती घडलेले धूलिकण, दहा लाख भागांत शे-दोनशे भाग इतक्या मोठ्या प्रमाणात सापडले आहेत. पाणी व उष्णता यांपैकी कशाचाही अंमल झाला असता, तर हे नाजूक कण प्रथम नष्ट झाले असते. या सर्व पुराव्यावरून त्यास सीआर३ म्हणावे, असे ठरले. तरी विषय तेथे मिटलेला नाही. इतर काही अभ्यासकांनी नवी सूक्ष्म मोजपट्टी लावून त्यास ३ ऐवजी २.८ हा अंक सुचविला. म्हणजे पाण्याचा स्पर्श झाला आहे, पण निसटता. दोन्ही पक्षांस दगड तोच दिसतो आहे. कोणत्या खुणेस किती वजन द्यावे, इतकाच मतभेद आहे.

तिसरी पायरी ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात : १६, १७ व १८. पृथ्वीवरील दर दहा हजार ऑक्सिजन अणूंत सुमारे ९,९७६ अणू १६ वजनाचे, ४ अणू १७ चे व २० अणू १८ चे असतात. वाफ होणे, गोठणे, स्फटिक बनणे अशा नेहमीच्या क्रियांत हे प्रमाण किंचित बदलते. पण १८ वजनाचे अणू ज्या मानाने कमी-अधिक होतात, त्याच्या साधारण निम्म्या मानाने १७ चे होतात, कारण १६ पासूनचे वजनाचे अंतर निम्मे असते. त्यामुळे आलेखावर पृथ्वीवरील पाणी, वाळू, खडक हे सर्व एकाच तिरप्या रेषेवर येतात. १९७३ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट क्लेटन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, कार्बनयुक्त काँड्राइटांतील कोरडी खनिजे या रेषेवर येत नाहीत; ती दुसऱ्याच, अधिक उभ्या रेषेवर येतात. पृथ्वीवरील कोणत्याही साध्या क्रियेने हे घडत नाही. हा दगड आकाशातूनच आला हे कशावरून, असे विचारणाऱ्या मुलास या जातीपुरते तरी याहून भक्कम उत्तर देता येणार नाही.

प्रत्येक गटाची जागा या आलेखावर ठरलेली आहे, त्यामुळे कापावरून केलेल्या अनुमानाचा पडताळा घेता येतो. ध्रुवीय नमुन्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी लागते. अंटार्क्टिकाच्या हिमात १८ वजनाचा ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच कमी असतो. दगडात गंज चढला असेल, तर त्या गंजात हाच ऑक्सिजन शिरलेला असतो, आणि मोजणीचा बिंदू आपल्या जागेवरून सरकतो. म्हणून गंज आम्लाने धुऊन काढून पुन्हा मोजणी करावी लागते.

इतके करूनही काही दगड कोठेच बसत नाहीत. ॲलन हिल्स येथे १९८५ साली सापडलेला एक अशनी असाच होता; त्यात धातू फार आणि गोलकण अतिशय बारीक. त्याच्यासारखे आणखी काही मिळाल्यावर ‘सीएच’ हा नवा गट मान्य झाला. मिलर रेंज येथे मिळालेल्या ‘एमआयएल ०७६८७’ या दगडाची कथा उलटी आहे : तो प्रथम सीओ गटात नोंदला गेला, नंतरच्या तपासणीत त्या गटात बसेना, आणि आता तो ‘गट नाही’ या सदरात आहे. नवा गट मान्य होण्यास, एकाच फुटीचे तुकडे नसलेले, निदान पाच अशनी सारख्या लक्षणांचे असावे लागतात, असा संकेत आहे. ही अट किती योग्य आहे हे बर्फावर विशेष पटते. कारण क्वीन अलेक्झांड्रा रांगेच्या परिसरातच एका फुटलेल्या अशनीचे शेकडो तुकडे मिळाले आहेत. ते सुटे मोजले असते, तर एका दगडाची मोठी जमात झाली असती. यामातो व बेल्जिका पर्वतांच्या बर्फावरील काही अशनी आधी भिजून मग तापलेले आहेत. त्यांचा स्वतंत्र ‘सीवाय’ गट मानावा, अशी सूचना २०१९ मध्ये पुन्हा जोराने पुढे आली.

अलीकडे या शास्त्रास एक नवे माप मिळाले आहे. जपानच्या यानाने २०२० मध्ये र्‍यूगू या लघुग्रहावरील ५.४ ग्रॅम माती पृथ्वीवर आणली व अमेरिकेच्या यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरील १२१.६ ग्रॅम. र्‍यूगूची माती सीआय गटाशी जुळली. पण सीआय अशनींत नेहमी दिसणारे सल्फेट क्षार तिच्यात आढळले नाहीत. म्हणजे संग्रहालयातील अशनींमधील ते क्षार पृथ्वीच्या हवेतील ओलाव्याने नंतर तयार झालेले असावेत. शतकभर जपून ठेवलेल्या नमुन्यांनाही आपली हवा लागते ती अशी.

हा सर्व उद्योग काळाशी स्पर्धा करीत चालला आहे, हेही सांगितले पाहिजे. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अद्याप निदान तीन लाख अशनी पृष्ठभागावर असावेत, असा अंदाज आहे. परंतु काळा दगड ऊन शोषून घेतो, आणि हवा थोडीशी जरी उबदार झाली तरी त्याच्याखालचा बर्फ वितळून तो आत रुततो व दिसेनासा होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वर्षाला सुमारे पाच हजार अशनी अशा रीतीने हाताबाहेर जात आहेत. इतके दगड कोणतीही मोहीम एका वर्षात उचलू शकत नाही. जो दगड रुतला, त्याच्या कुळाचा प्रश्न कायमचाच संपला.

आपल्या देशाशीही या विषयाचा संबंध आहे. ६ जून २०१७ रोजी पहाटे जयपूरजवळील मुकुंदपुरा या गावी एका शेतात सुमारे दोन किलोग्रॅम वजनाचा अशनी पडला व फुटला. तो सीएम गटाचा कार्बनयुक्त काँड्राइट निघाला. प्रथम त्यास २ हा अंक दिला गेला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्याचे जे पृथक्करण २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात पाण्याचा परिणाम फार खोलवर झालेला दिसल्यामुळे त्यांनी तो १ च्या सीमेवर, म्हणजे २.० वर ठेवला. क्यूयूई ९९१७७ वर जो वाद झाला, त्याच्याच दुसऱ्या टोकाचा हा वाद होय.

आपल्या जिल्ह्यांत मुले काळे दगड घेऊन शाळेत येतील, तेव्हा बहुधा ते बेसाल्टचे किंवा लोहाराच्या भट्टीतील किट्टाचे तुकडे असतील. अंगावर बुडबुड्यांसारखी पोकळ छिद्रे असतील, तर तो अशनी असण्याचा संभव फार थोडा. लोणारच्या सरोवराची जागा अशनीच्या आघाताने निर्माण झाली हे खरे. पण त्या आघातात तो अशनी जवळजवळ वाफ होऊन गेला, त्यामुळे काठावरचे काळे दगड दख्खनच्या पठाराचेच आहेत. मात्र पडतानाचा आवाज किंवा प्रकाश कोणी प्रत्यक्ष अनुभवला असेल आणि दगडावर पातळ, सलग काळे कवच व तुटलेल्या जागी आतला रंग निराळा दिसत असेल, तर तो धुऊ नये, घासू नये, फोडू नये व त्यास चुंबक लावू नये. स्वच्छ कोरड्या कागदात किंवा पिशवीत तो गुंडाळून ठेवावा. सापडल्याची तारीख, वेळ, शेताचे नाव, खड्डा पडला असल्यास त्याची लांबी-रुंदी-खोली आणि पाहणाऱ्यांनी सांगितलेली दिशा एका कागदावर लिहावी. आणि तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास कळवावे.